महालातला आवाज

रात्रीची वेळ. बाहेर वादळ घोंघावत आहे. नदीकाठी असलेल्या एका जुन्या, ओसाड महालाचे दार करकरत उघडते आणि त्याचा नवा मालक आत येतो. महालात राहणारा म्हातारा माळी हातात दिवा घेऊन त्याला दालने दाखवितो आणि दाखविता दाखविता एक गोष्ट सांगतो. फार वर्षांपूर्वी एका माणसाने हा महाल बांधला. येथे कामिनी नावाची एक स्त्री त्याची वाट पाहत राही. तो मध्यरात्री येई आणि उजाडण्यापूर्वी निघून जाई. एका वादळी रात्री त्याची नाव बुडाली. ‘मी परत येईन’ असे तो बुडता बुडता म्हणाला. पण आला नाही. पुढे थोड्याच दिवसांत कामिनीही मरण पावली.

माळी निघून जातो. नवा मालक एकटाच शयनगृहात बसतो. एवढ्यात भिंतीवरची एक तसबीर खाली पडते. तो ती उचलून पाहतो, तर तसबिरीतल्या माणसाचा चेहरा हुबेहूब त्याच्यासारखा! घड्याळात दोनचे ठोके पडतात. छताला टांगलेले झुंबर हलते. आणि महालाच्या कुठल्याशा दूरच्या कोपऱ्यातून एका स्त्रीच्या गाण्याचा आवाज येऊ लागतो.

मुलांनो, हा प्रसंग ‘महल’ या हिंदी चित्रपटातील आहे. तो इ. स. १९४९ च्या ऑक्टोबर महिन्यात प्रदर्शित झाला. आपल्या देशातील पहिला भयपट म्हणून त्याचा अनेकदा उल्लेख केला जातो. मी तो प्रथम पाहिला तेव्हा शाळकरी मुलगा होतो. तालुक्याच्या गावी एक चित्रपटगृह होते. तेथे रविवारी सकाळी कमी दरात जुने चित्रपट दाखवीत. चित्रफीत झिजून गेली होती. पडद्यावर सारखा पाऊस पडत असल्याचा भास होई. प्रेक्षकांत टवाळ पोरेच अधिक. पण ते दोनचे ठोके पडले, तो आवाज आला, आणि शेंगदाण्यांच्या पुड्यांची कुरकुर एकाएकी थांबली. घरी परतताना माझा थोरला भाऊ, जो एरवी मला भित्रा म्हणून चिडवीत असे, माझा हात घट्ट धरून चालत होता.

पुढे मोठेपणी मनात प्रश्न आला, की या भीतीत खरे काय होते? नदी, महाल, झुंबर, भूत यांपैकी काहीच आमच्या समोर नव्हते. समोर होते एक पांढरे कापड. मग ते भूत घडविले कोणी? त्याचा शोध घेताना जी माणसे मला भेटली, त्यांची ओळख तुम्हांला करून द्यावी असे वाटते.

‘महल’ची निर्मिती ‘बॉम्बे टॉकीज’ या संस्थेने केली. हिमांशु राय आणि देविका राणी या पतिपत्नींनी १९३४ साली मुंबईच्या मालाड या उपनगरात ही संस्था स्थापन केली होती. त्या काळी मालाड म्हणजे झाडीचा, शांत प्रदेश. चित्रपटकलेतील जाणती माणसे मिळावीत म्हणून हिमांशु राय यांनी थेट जर्मनीतून दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ आणले होते. संस्थेने काही वर्षे वैभवाची पाहिली. परंतु १९४० साली हिमांशु राय वारले, १९४५ साली देविका राणींनी चित्रपटव्यवसाय सोडला, आणि संस्थेला उतरती कळा लागली. तिला सावरण्याचा भार ज्यांनी उचलला, त्यांत दोन माणसे प्रमुख होती. एक अशोककुमार. हे याच संस्थेत प्रयोगशाळेतील साहाय्यक म्हणून लागले आणि पुढे तिचे नायक झाले. दुसरे सावक वाच्छा. हे मूळचे ध्वनिलेखक, म्हणजे चित्रपटातील आवाज मुद्रित करून घेणारे तंत्रज्ञ. ‘महल’ या दोघांनी काढला. दिग्दर्शन सोपविले कमाल अमरोही या लेखकाकडे. त्यांनी पूर्वी चित्रपटांसाठी लेखन केले होते, परंतु दिग्दर्शनाची ही त्यांची पहिलीच वेळ. नायकाची भूमिका स्वतः अशोककुमारांनी घेतली. आणि ‘कामिनी’ म्हणून निवड झाली मधुबालाची. ती तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती. याच संस्थेच्या ‘बसंत’ या १९४२ सालच्या चित्रपटात तिने लहान मुलीचे काम केले होते. मालाडच्या त्या आवारात ती बालपणीच येऊन गेली होती.

आता भूत घडविण्याच्या कामाकडे वळू. प्रथम प्रकाश.

चित्रपटात कॅमेरा हाताळणाऱ्या आणि दिवे कोठे, कसे लावायचे हे ठरविणाऱ्या कलावंतास छायालेखक म्हणतात. ‘महल’चे छायालेखक होते जोसेफ विर्शिंग. हिमांशु राय यांनी आणलेल्या जर्मन मंडळींपैकी हे एक. त्यांचा जन्म म्यूनिच शहरात झाला. कॅमेऱ्याचे शिक्षणही तेथेच. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात जर्मन चित्रपटकारांनी सावल्यांचा मोठा विलक्षण उपयोग करून दाखविला होता. ‘नोस्फेराटू’ या १९२२ सालच्या मूकपटात एक पिशाच जिना चढते. पण पडद्यावर पिशाच दिसत नाही. दिसते ती भिंतीवरून वर सरकत जाणारी त्याची लांबच लांब सावली. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणायला तेवढी पुरते. ज्या देशात ही विद्या वाढली, तेथे विर्शिंग यांची नजर तयार झाली होती. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना पकडून छावणीत ठेवले. युद्ध संपल्यावर सुटका झाली; परंतु ते मायदेशी न परतता येथेच राहिले आणि पुन्हा मालाडच्या कॅमेऱ्यामागे उभे राहिले. भारतातच १९६७ साली त्यांचा अंत झाला.

विर्शिंग यांच्या विद्येतील पहिला धडा तुम्हांला घरीच शिकता येईल. रात्री दिवे मालवून आरशापुढे उभे राहा आणि हातातली विजेरी हनुवटीखाली धरा. चेहरा तुमचाच, पण ओळखू येणार नाही. असे का होते? जन्मल्यापासून आपण माणसांचे चेहरे पाहतो ते वरून येणाऱ्या प्रकाशात. सूर्य वर, घरातला दिवाही वर. त्यामुळे भुवयांखाली, नाकाखाली सावली असणे ही आपल्या डोळ्यांची सवय. प्रकाश खालून आला की सावल्या उलट्या पडतात, आणि ओळखीचा चेहरा परका होतो.

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. चित्रीकरणात सामान्यतः एक मुख्य दिवा असतो. तो एका बाजूने येतो आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूवर गडद सावली पडते. ती सौम्य करण्यासाठी तिकडून दुसरा, मंद दिवा लावतात. पाठीमागून तिसरा दिवा टाकला की माणूस मागच्या भिंतीपासून सुटा दिसतो. घरगुती, आनंदी प्रसंगात हे तिन्ही दिवे असतात. भयाच्या प्रसंगी छायालेखक सावली सौम्य करणारा तो दुसरा दिवा काढून घेतो. लगेच अर्धे दालन काळोखात बुडते. त्या काळोखात काय आहे ते कॅमेरा दाखवीत नाही. ते प्रेक्षक स्वतःच्या मनाने भरून काढतो. कोणी म्हातारी पाहतो, कोणी साप पाहतो. ज्याची त्याची भीती ज्याच्या त्याच्या पदरी! ‘महल’मधील दालने, खांब, जिने आणि पडदे असे अर्धे दिसतात, अर्धे दिसत नाहीत. मधुबाला झोपाळ्यावर बसलेली दिसते न दिसते तोच नाहीशी होते. चित्रपट काळ्या-पांढऱ्या रंगांचा. म्हणून हा खेळ आणखीच रंगतो.

परंतु आम्ही शाळकरी मुले त्या सकाळी गप्प झालो ती काही दिसले म्हणून नव्हे. काही ऐकू आले म्हणून.

येथे मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे बोलपट सुरू झाले १९३१ साली. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच म्हटली. म्हणावीच लागत, कारण चित्र आणि आवाज एकाच वेळी घेतले जात. गाण्याचा प्रसंग बागेत असला तर वादकांना झाडाझुडपांमागे लपून साथ करावी लागे. मग १९३५ साली कलकत्त्यास नितीन बोस यांच्या ‘धूपछाँव’ चित्रपटात नवी युक्ती करण्यात आली. गाणे आधी मुद्रित करावयाचे, मग चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवावयाचे आणि नटनटींनी त्याबरोबर केवळ ओठ हलवावयाचे. हेच पार्श्वगायन. या युक्तीने मोठी सोय झाली. उत्तम दिसणारी एक व आवाजाची दुसरी, अशा दोघींना मिळून एक नायिका करता येऊ लागली. पण एक अन्यायही त्यातून जन्मास आला. चेहरा दिसे तिचे नाव होई. आवाज जिचा, ती पडद्यामागेच राही. ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर पुष्कळदा गायिकेचे नाव न छापता चित्रपटातील पात्राचेच नाव छापले जाई.

‘महल’चे संगीतकार होते खेमचंद प्रकाश. राजस्थानातील सुजानगढचे हे गुणी गृहस्थ ‘तानसेन’ चित्रपटाच्या संगीतामुळे प्रसिद्धीस आले होते. कामिनीच्या गाण्यासाठी त्यांनी निवडलेली गायिका म्हणजे लता मंगेशकर. आज हे नाव ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? पण १९४९ सालची लता म्हणजे एकोणीस वर्षांची, काटक्या अंगाची मुलगी. वडील मास्टर दीनानाथ १९४२ साली वारले, तेव्हा ती बारा वर्षांची. आई आणि चार धाकटी भावंडे यांचा भार तिच्यावर आला. न आवडणारी चित्रपटांतील लहानसहान कामे तिने पोटासाठी केली. मग पार्श्वगायन मिळू लागले तेव्हा ती ग्रँट रोडहून लोकलने मालाडला जाई. खेमचंद प्रकाश यांनी १९४८ सालच्या ‘जिद्दी’ चित्रपटात तिला गाणी दिली होती आणि तिच्या आवाजात काय आहे हे त्यांच्या कानांनी हेरले होते.

गाणे नक्शब जारचवी यांनी लिहिले. त्याचे नाव ‘आयेगा आनेवाला’. त्याचा आरंभीचा भाग तालाशिवाय आहे, अगदी संथ. कथेप्रमाणे तो आवाज महालाच्या दूरच्या टोकाकडून यावा आणि हळूहळू जवळ यावा, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा. आता अडचण अशी, की आज ध्वनिलेखकाच्या हाताशी जी साधने असतात ती तेव्हा नव्हती. आज गायिका एका जागी उभी राहून गाते आणि नंतर यंत्राच्या साहाय्याने तिचा आवाज हवा तेवढा दूर नेता येतो. त्या काळी गायिका आणि वादक एकत्र बसत, ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, समोर असे; आणि जे जसे ऐकू येई तसेच ते मुद्रित होई. एखादा चुकला की पुन्हा सर्वांनी पहिल्यापासून!

तुम्ही म्हणाल, गायिकेने आरंभी हळू आवाजात गावे आणि मग मोठ्याने गावे, झाले काम. मलाही तसेच वाटे. म्हणून मी मुख्याध्यापक असताना एकदा प्रयोग करून पाहिला. सातवीच्या वर्गास सभागृहात डोळे मिटून बसविले. वर्गातल्या एका गाणाऱ्या मुलीला त्यांच्याजवळच उभी करून प्रार्थना अगदी हळू म्हणावयास सांगितली. ‘ती कोठे आहे?’ असे विचारताच सर्वांनी एकमुखाने सांगितले, ‘जवळच आहे, हळू गाते आहे.’ कोणी फसले नाही. मग मी तिला व्हरांड्याच्या पार टोकाला पाठविले आणि मोकळ्या आवाजात म्हणत म्हणत सभागृहात यावयास सांगितले. या वेळी मात्र मिटल्या डोळ्यांनीच मुलांच्या माना तिच्या वाटेबरोबर वळत गेल्या. काहींच्या चेहऱ्यांवर तर, भर दुपारी, किंचित भीतीही दिसली.

याचे कारण असे. आपल्या कानावर आवाज दोन वाटांनी येतो. एक सरळ वाट, गाणाऱ्याच्या मुखातून थेट कानात. दुसरी आडवाट, भिंती, छत, फरशी यांवर आपटून येणारी. हा आपटून येणारा आवाज म्हणजे घुमारा. गाणारा जवळ असला की थेट आवाज अधिक आणि घुमारा कमी. तो दूर गेला की थेट आवाज क्षीण होतो, पण घुमारा खोलीभर तसाच राहतो. आपला कान या दोहोंचे प्रमाण नकळत मोजतो आणि अंतर ठरवितो. ध्वनिग्राहकाजवळ उभे राहून कितीही हळू गायिले तरी हे प्रमाण बदलत नाही. म्हणून खरोखरच दूर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितले आहे ते असे. खोलीच्या मध्यभागी ध्वनिग्राहक ठेवण्यात आला. त्या एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. आरंभीच्या ओळी गात गात त्यांनी एकेक पाऊल ध्वनिग्राहकाकडे टाकावयाचे आणि नेमके गाण्याचे मुख्य शब्द सुरू होताना त्याच्यासमोर येऊन पोहोचावयाचे. ऐकावयास सोपे वाटते, पण जरा विचार करा. श्वास टिकला पाहिजे, सूर हलता कामा नये, पावलांचा आवाज होता कामा नये. पाऊल घाईने पडले तर आवाज वेळेआधी जवळ येणार, रेंगाळले तर मुख्य ओळ दूरच राहून जाणार. मालाडच्या त्या खोलीत ना महाल होता ना वादळ. गाणारी एक मुलगी आणि जीव मुठीत धरून वाजविणारे वादक. आम्हांला भिवविणारे भूत हे असे, पावलापावलाने चालत आले होते.

गाणे झाले. पण ते चालेल की नाही यावर दोन्ही निर्मात्यांचेच एकमत होईना. सावक वाच्छांना ते पसंत नव्हते. हे लोकांना आवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अशोककुमारांचे मत नेमके उलट. मला याचे राहून राहून आश्चर्य वाटते, कारण वाच्छा हे आयुष्यभर आवाजाचेच काम केलेले गृहस्थ. पण त्यांच्या बाजूनेही बोलता येईल. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांना पहिल्या क्षणापासून ठेका असे. हे गाणे कितीतरी वेळ ठेक्यावाचूनच सरकत राहते. संस्था कर्जाने आणि चिंतेने वाकलेली असताना असले गाणे पत्करणे हा जुगारच होता. अखेर गाणे राहिले.

चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. मधुबालाचे नाव घरोघर पोहोचले. स्पष्टच सांगावयाचे तर कथेचा उत्तरार्ध मला फार लांबलेला वाटतो. त्यात विष आहे, खटला आहे, गैरसमजांची माळ आहे. तो सारा येथे सांगत बसत नाही. परंतु एक रहस्य सांगणे भाग आहे. ज्यांना चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनी मला क्षमा करावी. त्या महालात भूत नसतेच. ‘कामिनी’ म्हणून गात फिरणारी ती स्त्री माळ्याची जिवंत मुलगी असते, आशा नावाची. त्या ओसाड महालात वाढताना तिने जुनी गोष्ट इतक्यांदा ऐकलेली असते, की तसबिरीतल्या माणसावर तिचे मन जडते. आणि तसाच चेहरा असलेला मनुष्य दारी येताच ती कामिनीचे सोंग घेते. आपल्या खऱ्या नावाने ती त्याच्यासमोर आली असती, तर माळ्याच्या मुलीकडे त्याने वळून तरी पाहिले असते का, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

आणि याच सुमारास पडद्याबाहेर एक वेगळेच नाट्य घडत होते. गाण्याच्या तबकड्या बाजारात आल्या, नभोवाणीवर त्या वाजू लागल्या. ऐकणाऱ्यांना वेड लागले. गाते कोण? तबकडीवर पाहावे तर नाव छापलेले: ‘कामिनी’. प्रथेप्रमाणे पात्राचे नाव तेच गायिकेचे नाव! पण कथेतसुद्धा कामिनी ही खरी कोणी नव्हे, ते एक सोंग. सोंगाच्या नावाने खऱ्या मुलीचा आवाज देशभर फिरत होता. श्रोत्यांनी नभोवाणीकडे पत्रांचा वर्षाव केला. ही गायिका कोण, तिचे नाव सांगा. नभोवाणीच्या अधिकाऱ्यांना तरी ते कोठून ठाऊक असणार? त्यांनी ग्रामोफोन कंपनीकडे चौकशी केली. तेथून उत्तर आले आणि मग ध्वनिक्षेपणात नाव सांगण्यात आले: लता मंगेशकर.

एखाद्या पुढाऱ्याने आंदोलन केले नव्हते, कायदा झाला नव्हता. ठिकठिकाणच्या अनोळखी श्रोत्यांनी टपालखर्च सोसून एक प्रश्न विचारला होता, एवढेच.

खेमचंद प्रकाश यांना या कीर्तीचा उपभोग फार दिवस घेता आला नाही. चित्रपट प्रदर्शित होऊन वर्ष पुरे होण्याआधीच, १० ऑगस्ट १९५० रोजी, ते वारले. ज्या संस्थेला सावरण्यासाठी हा सारा खटाटोप, ती ‘बॉम्बे टॉकीज’ही आणखी काही वर्षांतच बंद पडली. एका चित्रपटाच्या यशाने एवढे कर्ज फिटणार कसे?

नावाचा प्रश्न मात्र तेथेच संपला नाही. चित्रपटांसाठी ‘फिल्मफेअर’ पुरस्कार सुरू झाले, त्यांत संगीतकारास पुरस्कार होता, गायकास नव्हता. १९५७ साली शंकर-जयकिशन या संगीतकारांना तो मिळाला, तेव्हा समारंभात आपण गावे, अशी विनंती जयकिशन यांनी लताबाईंना केली. त्यांनी नकार दिला. पुरस्कार संगीताला आहे, गाण्याऱ्याला नाही. मग सूर वाद्यांवरच वाजवावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार प्रथमच देण्यात आला. तो लता मंगेशकर यांनाच मिळाला, ‘मधुमती’ चित्रपटातील गाण्यासाठी. गंमत पाहा, बिमल रॉय यांचा हा चित्रपटही वादळी रात्रीने, जुन्या हवेलीने आणि ओळखीच्या वाटणाऱ्या तसबिरीनेच सुरू होतो!

‘महल’च्या त्या पहिल्या तबकड्या आता दुर्मिळ झाल्या आहेत. लाखेच्या त्या काळ्या, जड, ठिसूळ तबकड्या हातातून निसटल्या की फुटत. ज्या काही शिल्लक असतील त्या संग्राहकांच्या कपाटांत, कागदी पाकिटांत उभ्या असतील. त्यांच्या मध्यभागी चिकटविलेल्या गोल कागदावर गायिकेच्या जागी आजही तेच नाव आहे, ‘कामिनी’.